जुन्या चिपांची पंगत

बापूकाका, तुम्ही गेल्याचा कागद तुमच्याच दाराला चिकटवलाय आणि त्या कागदात तुम्ही कुठंच नाही. 'वेदशास्त्रसंपन्न' आहे. 'काशीतील ज्येष्ठ तीर्थपुरोहित' आहे. किती पिढ्यांची परंपरा, तेही आहे. वरच्या मजल्यावरच्या खोलीचं नाव नाही, टेबलाचं नाही, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या नऊ सर्किट बोर्डांचं नाही. यजमानांना घेऊन अमृतराव घाटाच्या पायऱ्या उतरताना पण तुमचा एक कान फोनला असायचा आणि तुम्ही बंगळूरच्या कुणाला तरी ओरडून सांगत असायचात, "भैया, पहिले वीज तपासा, मेमरी नंतर!" तेही नाही. मी तो कागद तीनदा वाचला. शाळा सातवीत सुटलेल्या माणसाला आधी असंच वाटतं की आपलंच वाचण्यात काहीतरी राहिलं. राहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलंच नव्हतं.

म्हणून मी लिहितेय. चुकलं तर चुकलं.

तुम्ही गेलात त्याच्या पाचव्या दिवशी विनूदादा वर आले. लखनौहून आल्यापासून ते खोलीत आलेच नव्हते. मुंडण केलेलं, अंगावर पंचा, दारातच उभे राहिले आणि नऊ बोर्डांकडं बघत म्हणाले, "मंगलताई, हे सगळं चौदाव्याच्या दिवशी कबाडी घेऊन जाणार आहे. मी सांगून ठेवलंय. खोली यात्रेकरूंना देता येईल."

मी म्हणलं, "दादा, हे भंगार-कबाड नाही. लोकांनी काकांकडं दुरुस्तीला पाठवलेत त्यातले तीन. बाकीचे काकांचे."

"तीन परत पाठवून देऊ. पण बाकीचे कोण बनवणार आहे? बाबा तर गेले."

"मी बनवते."

ते हसले नाहीत, एवढं बरं केलं त्यांनी. पण जे बोलले ते हसण्यापेक्षा वाईट. "ताई, तुम्ही बाबांना तार पकडून द्यायचात. तुमची किंमत कमी नाही करत मी. लेकिन बनवायचे तर बाबाच ना?"

काका, माझ्या हाताला घाम सुटतो हे तुम्हाला ठाऊक आहे. सोल्डरिंग आयर्नचं बटण बंद केलं की नाही ते बघायला मी अर्ध्या गल्लीतून परत यायची आणि तुम्ही वरच्या खिडकीतून ओरडायचात, "बंद आहे गं, बंद आहे, जा घरी!" तर तसा घाम सुटला. तरी माझ्या तोंडातून निघून गेलं, "टेबलावरचा तो कानपूरहून आलेला बोर्ड चालू करून दाखवते. चालला तर सगळे राहतील. नाही चालला तर मी स्वतः कबाड्याच्या गाडीवर चढवून देते."

"बोर्डाला हात कोण लावणार? सुतक आहे."

"तुम्हाला आहे. मला कुठं आहे?"

दादा पंचा सावरत खाली उतरले. मी घरातली नाही, हे मला बारा वर्षांत कुणी ना कुणी ऐकवलंच आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या कामाला आलं.

खरं तर मी या घरात आले पोळ्या करायला. केज तालुक्यातली मी. नवऱ्याला इथं रेल्वेच्या कॅन्टीनचं काम लागलं म्हणून आम्ही आलो, आणि दोन महिने नवरा सोडून मी कुणाशी मराठीत चार शब्द बोलले नव्हते. मग कुणीतरी सांगितलं, घाटावर एक मराठी भटजी आहेत, त्यांच्याकडं महाराष्ट्रातली माणसं उतरतात, त्यांना ज्वारीची भाकर आणि घडीच्या पोळ्या लागतात. तुमचं मराठी पहिल्या दिवशी ऐकलं तर मला हसूच आलं. "जरा रुक, आटा मळायला परात तिकडे आहे, आणि नमक बाजूच्या डब्यात." पण ते मराठी होतं. मी परात घेऊन मागच्या दाराशी जाऊन रडून आले. तुम्हाला कळलं होतं का? तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

आणि मग एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. तुम्ही वरून खाली आलात, उभ्या उभ्या बघत राहिलात, आणि म्हणालात, "मंगल, तुझी नजर मला दे थोडा वेळ." वर नेलंत. टेबलावर हिरवा बोर्ड, त्यावर काळ्या किड्यांसारख्या चिपा रांगेत. मला वाटलं रेडिओ आहे. तुम्ही सांगितलंत की पूर्वी नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या उभ्या पेट्या असायच्या, हे त्यांच्या पोटातलं. तुम्ही तरुणपणी खालच्या ओसरीत तसल्या चार पेट्या लावून पार्लर काढलं होतं, आणि तुमचे वडील वर्षभर तुमच्याशी बोलले नव्हते. नावाडी, दूधवाले, एक जटावाले बाबा, सगळे खेळायला यायचे. पार्लरं बंद पडली तेव्हा लोकांनी बोर्ड फेकले आणि तुम्ही उचलून आणले.

मी म्हणलं, "काका, मी सातवी. यावर सगळं इंग्रजी लिहिलंय."

तुम्ही म्हणालात, "तर? चिपेला कुठं ठाऊक आहे तू किती शिकलीस?"

हे वाक्य मी केजला फोन करून आईला सांगितलं होतं. तिला चिप म्हणजे काय ते कळलं नाही. पण तिनं ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

तुमची शिकवायची रीत घाटावरच्यासारखीच. चिपेला हात लावायच्या आधी मोरीतल्या पितळी नळाला हात. वर आलेल्या यजमानांना वाटायचं काहीतरी आचमन आहे, आणि तेही नळाला हात लावून नमस्कार करायचे. तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही की अंगातली वीज उतरवायची असते, नाहीतर थंडीत स्वेटर घातलेल्या हाताने चिप मरते. मला मात्र सांगितलंत. मेलेली चिप ओढून काढायची नाही, तिचे पाय एकेक कापायचे, मग पाय एकेक गरम करून काढायचे. चिप गेली तर गेली, बोर्डावरची तांब्याची रेघ उपटली नाही पाहिजे. आणि नवी कधी थेट जोडायची नाही, आधी सॉकेट लावायचं, चिप त्यात नुसती दाबून बसवायची. "क्यों की ही पण एक दिवस मरणार आहे, आणि तेव्हा काढणाऱ्याला त्रास नको."

आपलं भांडण मेमरीच्या चिपांवरून. कानपूरच्या बोर्डावर आठ आहेत, सोळा पायांच्या. तसल्या आता जगात कुणी बनवत नाही. तुमचं म्हणणं, जुन्याच पाहिजेत, दुसऱ्या मेलेल्या बोर्डातून काढलेल्या असल्या तरी चालतील. यजमानांच्या वंशावळीची वही असते तशी तुम्ही चिपांची ठेवली होती. ही चिप आधी गोरखपूरच्या बोर्डात होती, आता इथे. माझं म्हणणं, थोड्या नंतरच्या काळातली चिप अजून मिळते, ती बसवू. जुनीला तीन तऱ्हेची वीज लागते, नवीला एकच. बारा व्होल्ट अडवायचे आणि पाच वळवून घ्यायचे, एवढंच.

एवढंच म्हणणारी मी, पहिल्या खेपेला बारा अडवायचेच विसरले. आठच्या आठ नव्या चिपा एका क्षणात गेल्या. खोलीभर वास. मी भिंतीला टेकून उभी, आता तुम्ही मला खाली पोळपाटावर पाठवणार म्हणून. तुम्ही नाकाने हुंगलंत आणि म्हणालात, "घे. धूर तर जुन्यासारखाच निघतो की."

तुम्ही आठही एकाच कंपनीच्या लावायचात. म्हणायचात, गोत्र जुळलं पाहिजे. मी म्हणलं, "काका, लग्नात सगोत्र चालत नाही आणि इथं सगोत्रच पाहिजे, हे कसं?"

"हे लग्न नाही गं, ही पंगत आहे."

"पंगतीत एकाच जातीचे बसवायचे दिवस गेले, काका."

बोलून गेले आणि जीभ चावली. तुमच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या करते यावरून गल्लीत काय काय बोललं गेलं ते तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं, पण मला कान आहेत. चष्मा पुसलात. दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर रांगेत आठव्या जागी दुसऱ्याच कंपनीची चिप बसलेली.

पण नवी चिप? त्या धुरानंतर ती नाहीच. त्या एका गोष्टीवर तुम्ही शेवटपर्यंत हटला नाहीत. कानपूरचा बोर्ड दोन वर्षं टेबलावर. चालू केला की पडद्यावर रांगोळी विस्कटल्यासारखा कचरा. कधी थंडीच्या दिवसांत दहा मिनिटं नीट चालायचा, मग पुन्हा कचरा. तुम्ही आठ चिपा तीनदा बदलल्यात. मी म्हणायची, जुन्या आहेत, थकल्यात. तुम्ही म्हणायचात, "थकलेल्या तुझ्या नव्या. जुना माणूस उन्हातपण उभा राहतो."

तर सहाव्या दिवसापासून मी दुपारी वर जाऊन बसायला लागले. खाली दादांचे विधी, पिंड, ब्राह्मणांची ये-जा, वर मी. मनात म्हणलं, आता अडवणारं कुणी नाही. तुमच्या आठ जुन्या चिपा काढल्या आणि आठ नव्या बसवल्या. यावेळी बोर्डाला धक्का नाही; सॉकेटावर सॉकेट चढवून त्यातच तारा वळवल्या. बारा व्होल्ट अडवलेत का, हे मी सात वेळा तपासलं. नळाला हात लावून आले. बटण दाबलं.

तोच कचरा.

तसाच, तोच, त्याच जागी. काका, दोन वर्षं मी जे तोंड वर करून भांडले, ते सगळं खोटं. चिपा जुन्या असोत की नव्या, बोर्डाला काही फरक पडत नव्हता. मी पडदा बंद केला आणि तुमच्या खुर्चीत बसले. मी कधी बसत नसे त्यात. वाटलं, दादा खरं बोलले. तार पकडून देणारी मी.

दोन दिवस वर गेलेच नाही. नवव्या दिवशी नवरा म्हणाला, "भांडायला तर वाघीण, आणि आता काय झालं?" मी म्हणलं, "ज्यांच्याशी भांडायचं तेच नाहीत." तो म्हणाला, "मग बोर्डाशी भांड." साधा माणूस आहे, कॅन्टीनमध्ये चहा करतो, पण कधी कधी बोलतो बरं.

गेले. सगळ्या चिपा एकेक करून तपासायला लागले. एक सोडून. मेमरीच्या रांगेशेजारी ती चिप असते ना, मेमरीला घर नंबर सांगणारी, कुठल्या घरात ठेवायचं नि कुठल्या घरातून काढायचं. ती मी सोडली. का? तर ती तुम्ही बसवली होती. दोन वर्षांपूर्वी, स्वतःच्या हाताने, माझ्यासमोर. तुमच्या हातची वस्तू म्हणजे तपासायचीच नाही असं मी धरून चालले होते. आणि तुम्हीही.

बाकी सगळ्या धड निघाल्या, मग मोबाईलचा कॅमेरा मोठा करून, टॉर्च आडवी धरून, बोर्डाला गाल लावून तीही बघितली. सोळापैकी एक पाय सॉकेटात गेलाच नव्हता. दाबताना आत दुमडून पोटाखाली बसला होता. जरासा चिकटून होता. थंडीत टेकायचा, गरम झाला की सुटायचा. चिप उचलून तो चिमट्याने अगदी हळू सरळ केला. मोडला असता तर संपलं होतं. मोडला नाही. बसवला.

पडद्यावर काळं आकाश आलं, चांदण्या आल्या, खाली छोटं विमान आलं. स्वच्छ. मी अर्धा तास नुसती बघत बसले, खेळले पण नाही. मग उठले, नव्या आठ काढल्या आणि तुमच्या जुन्या आठ परत बसवल्या, त्या दुसऱ्या कंपनीच्या चिपेसकट. त्यापण चालल्या. दुपारच्या उन्हात दोन तास चालल्या. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. हे मी इथं लिहून देते, कारण तुमच्या तोंडावर मी कधीच कबूल केलं नसतं.

विनूदादा आवाज ऐकून वर आले. अकरावा दिवस होता. दारात थांबले. मग आत आले, पडद्यासमोर खाली बसले. म्हणाले, "यह तो चल रहा है."

"हो."

"क्या खराब था?"

इथं, काका, मला दोन वाटा होत्या. 'चिप गेली होती' म्हणायचं, आणि तुमचा कागद दाराला स्वच्छ राहिला असता. मी तोंड उघडलं आणि तेच म्हणणार होते. पण तुम्हीच शिकवलंत की बिघाड लपवला की पुढच्या माणसाची दोन वर्षं जातात. मी म्हणलं, "दादा, चूक काकांची होती. चिप बसवताना एक पाय आत दुमडला. त्यांना दिसला नाही."

मग मी उरलेलं पण सांगितलं, जे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता हे मला दोन वर्षांपासून कळलं होतं. चष्मा कपाळावर असताना तुम्ही म्हणायचात, "मंगल, नंबर वाच तर, माझा चष्मा सापडत नाही," आणि मी वाचायची. ऑपरेशन करा म्हणले नाही. कारण तुम्हाला दिसायला लागलं तर माझ्या नजरेची गरज उरणार नाही, आणि मग मी परत खाली पोळपाटावर. एवढ्या भीतीपायी मी गप्प बसले. म्हणजे पाय तुमच्या हातून दुमडला, पण दोन वर्षं तो तसा राहिला तो माझ्यामुळं. हे मी दादांना सांगितलं.

मला वाटलं आता हाकलतील. दादा हसायला लागले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसायला लागले. म्हणाले, "ताई, बाबांची चूक? सच में? मला तर लहानपणापासून वाटायचं की या घरात चुकायचं काम फक्त माझं आहे."

मग विचारलं, "याला चालवतात कसं?" मी सांगितलं, डावीकडं ही काठी, उजवीकडं हे बटण. खेळात तीन वेळा मेले ते पहिल्या पाच मिनिटांत. खालून गुरुजी हाका मारत होते.

आज चौदावा. कबाडी सकाळी हातगाडी घेऊन आला. "बाबूजी, माल कहाँ है?" दादांनी त्याला जिन्याखालचा मोडका कूलर दाखवला. "बस, इतना ही?" "इतना ही." तो कुरकुरत गेला. दादा परवा लखनौला निघतील. खोलीचं काय, ते होळीनंतर बघू म्हणालेत. होळीनंतर काय म्हणतील मला माहीत नाही. भीती वाटते. भीती मला नेहमीच वाटते, तिला मी आता फार विचारत नाही. बंगळूरच्या माणसाचा फोन आला होता, "काका को दीजिए." मी म्हणलं, "काका नाहीत. मी आहे. बोला." तो बोलला. मीही बोलले. आधी वीज तपासायला सांगितली.

तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. तुम्ही मला बारा वर्षं काम दिलंत म्हणू? ते सगळेच देतात. तुम्ही माझ्याशी भांडलात, बरोबरीनं, मला हरवायला भांडलात. माझ्याशी एवढं मनापासून दुसरं कुणी भांडलं नाही.

तर ऐका. मी पुढचा बोर्ड काढलाय, जबलपूरचा. त्याच्या आठ चिपा काढून चालत्या बोर्डात एकेक करून बघितल्या. पाच मेल्यात. यावेळी पाय दुमडलेला नाही, मी आधी तेच बघितलं. आता सगळ्यात आधी तुमच्या हातचंच बघते. तुमच्या डबीत एक पण जुनी चिप उरलेली नाही, आणि ती आणायला मी दुसरा बोर्ड मारणार नाही. आठही सॉकेट लावून झालीत. बारा व्होल्ट अडवलेत. नव्या चिपा हातात आहेत.

आता अडवून दाखवा.